बडोद्यात बँड टिकवायचा कसा? (ड्रमर गरब्याला गेला आहे)

गिटारवाला_कारेलीबाग (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. आज गरज पडली म्हणून लिहितोय.

आमचा पाच जणांचा बँड आहे: गिटार (मी), बेस, कीबोर्ड, ड्रम्स आणि गायिका. विद्यापीठात असताना सुरू केला, आता सगळे नोकरीला लागलेत. बेसवाला तर हालोलला शिफ्टमध्ये असतो. अर्धी गाणी आमची स्वतःची, मराठी. बाकी अभंग आणि जुनी भावगीतं, आमच्या पद्धतीने बसवलेली. यंदा गणपतीत मंडळांमध्ये वाजवलं, लोकांना आवडलं, आणि पहिल्यांदाच हातात बऱ्यापैकी पैसे आले. कटकट तिथूनच सुरू झाली.

ड्रमरने एका मोठ्या मैदानावरचा गरबा घेतलाय, नऊच्या नऊ रात्री. इथवर ठीक. पण आम्हाला कोजागरीचा कार्यक्रम मिळाला, तर तो म्हणतो त्या रात्री शरद पूनमचा गरबा आहे आणि तोही त्याने त्याच पार्टीला देऊन टाकलाय. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. दुसरं म्हणजे मिक्सर, स्पीकर, स्टँड, केबल, सगळं कीबोर्डवाल्याचं आहे, म्हणून त्याला दोन वाटे हवेत. तिसरं, शब्द गायिकेचे आणि चाली बहुतेक माझ्या, पण बेसवाला म्हणतो गाणी बँडची, कुणा एकाची नव्हेत.

बेस आणि कीबोर्डचं म्हणणं, ड्रमरला काढा. गायिका म्हणते, त्याला काढलंत तर मीही निघाले. म्हणजे उरलो आम्ही तिघे, आणि तिघांपैकी कुणालाही गाता येत नाही.

लेखी नियम करावेत का? की नियम केले म्हणजे दोस्ती संपली असं समजायचं?

सूरसागरची_मैना

नवरात्रात बडोद्यात ड्रमर मागणं म्हणजे उत्तरायणला (संक्रांतीला) पतंगवाल्याकडे सुट्टीचा अर्ज घेऊन जाणं. बाकी चालू द्या, वाचतेय.

ढोल_ढमाका

धागाकर्त्याने माझ्यावरच लिहिलंय की काय असं वाटलं. नाही, तो मी नव्हे, पण धंदा तोच.

आधी वर्षाचा हिशेब बघा. बडोद्यात वाजवून पोट भरणाऱ्या माणसाला चातुर्मासात लग्नं नाहीत. गणपतीचे दहा दिवस बरे जातात. लगेच पितृपक्ष, त्यात कोण कार्यक्रम ठेवतो? मग नवरात्र. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, डिसेंबरच्या मध्याला कमूरतां (शुभकार्यं नसलेला महिना) लागली की ती बंद, ते थेट संक्रांतीपर्यंत. म्हणजे नवरात्राचं पाकीट हे बोनस नसतं, त्यावर पुढचे रिकामे महिने काढायचे असतात. तुमचा ड्रमर नोकरी करतो म्हणता. केली तरी त्या नऊ रात्रींची रक्कम तुमच्या वर्षभराच्या मराठी कार्यक्रमांपेक्षा जास्त असणार, पैज लावतो.

आणि नुसते पैसेच नाहीत. चौकात मधोमध स्टेज, भोवती हजारो माणसं गोल फिरतायत, आणि तुम्ही हींच धरलीय, म्हणजे गरब्याचा सहा मात्रांचा ठेका. आरतीची विश्रांती सोडली तर मध्ये थांबणं नाही. गाणं बदलतं, गायक बदलतो, ठेका तुटत नाही. लय एक दाणा जरी खाली आली तर पुढच्या रांगेतल्या बायकांना ती पायात कळते आणि त्या वळून थेट तुमच्याकडे बघतात. मनगट सुजतं, तळहाताला चिकटपट्टी गुंडाळून बसावं लागतं. पण दहाव्या दिवशी माणूस जो वाजवायला लागतो तो वेगळाच असतो. हा रियाज तुम्ही कारेलीबागच्या गच्चीवर त्याला देऊ शकणार आहात का?

आता त्याची चूक. शरद पूनम त्याने विचारून द्यायला हवी होती. त्या एका रात्रीबद्दल भांडा, बरोबर आहे. नऊ रात्रींबद्दल अजिबात नको.

वाचनमात्र

+१. विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

आप्पा_दांडिया_बाजार

चिरंजीव, तुम्ही मुलं फार गोंधळ घालता. आमच्या वेळी ऑर्केस्ट्रा होता आणि त्याला एक मालक होता. सुपारी मालक घेणार, सामान मालकाचं, टेम्पो मालकाचा. वाजवणाऱ्याला त्याची नाईट, म्हणजे त्या रात्रीचे ठरलेले पैसे मिळायचे. ढोलकवाला दुसरीकडे गेला तर मालक तिसरा आणायचा. रुसवेफुगवे नाहीत, मतदान नाही. कार्यक्रम झाला, पाकीट घेतलं, सायकल काढली, घरी. तुमचं पाच मालक आणि शून्य नोकर, हे कसं चालायचं?

बडोद्याचंच सांगतो. सयाजीराव महाराजांच्या वेळी दरबारचे गाणारे-वाजवणारे कलावंत कारखान्यात पगारावर असत. दरबारी गवई मौलाबक्षांनी १८८६ साली इथे संगीत शाळा काढली, तिचीच परंपरा आज विद्यापीठात चालू आहे. फैयाज खाँसाहेब याच दरबारचे, १९५० साली गेले तेही इथेच. मोठमोठे लोक चाकरीत राहून मोठे झाले. 'मी पण मालक' हे खूळ कुणाच्या डोक्यात नव्हतं.

आणि भागीदारीची गंमत ऐकायची तर नाटक कंपन्यांची ऐका. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून फुटून बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघेही एकापेक्षा एक. पुढे टेंबे भागीदारीतून बाहेर पडले, बोडसही पडले. राहिले एकटे नारायणराव (बालगंधर्व), आणि कर्ज. तुमचे तर पाच आहेत!

काळी_पाच

आप्पा, नमस्कार करून असहमती नोंदवते. नाईटवर गाणाऱ्या बायकांचं काय व्हायचं तेही सांगा की. गाणी मालक ठरवणार, पट्टी हार्मोनियमवाला ठरवणार, साडी कुठली हेसुद्धा मालकाची बायको ठरवणार.

मी मांजलपूरच्या एका बँडमध्ये गात होते, तो मोडला. मोडला तो पैशावरून नाही. माझी पट्टी काळी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी. गिटारवाल्याला काळी पाच नको, कारण मोकळ्या तारा वाजवता येत नाहीत. तो म्हणायचा पांढरी तीन घे ना, गिटारवर छान वाजते. अरे, गिटारवर छान वाजते पण अंतऱ्यात माझा गळा फाटतो त्याचं काय? कॅपो नावाची वस्तू आहे, गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा. पहिल्या घरात लावला आणि ए चे आकार धरले की काळी पाच होते. हे मी, गिटार न वाजवणारी बाई, त्याला सांगत होते. त्याचं उत्तर: कॅपो शिकाऊ लोक लावतात.

दुसरी गोष्ट मॉनिटर, म्हणजे स्टेजवर आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून समोर ठेवलेला स्पीकर. स्टेजवर दोनच मॉनिटर. एक ड्रमरकडे, एक गिटारकडे, दोन्हींत गिटार भरलेली. मी कानात बोट घालून गायचे आणि लोकांना वाटायचं बाई काय तल्लीन झालीये. आवाज बेसूर लागला की बोल मात्र मलाच. शेवटी एके दिवशी साउंड चेकला मी माझ्या समोर बॉक्स आल्याशिवाय तोंड उघडणार नाही म्हटलं, तर मला 'नखरेवाली' म्हणाले. त्या रात्री कार्यक्रम पूर्ण केला आणि ग्रुपमधून बाहेर पडले.

धागाकर्ते, तुमची गायिका 'ड्रमर गेला तर मीही जाते' का म्हणते, ते तिला विचारलंत का? माझा अंदाज, पाच जणांत तिच्याकडे बघून वाजवणारा तो एकटाच असेल.

गिटारवाला_कारेलीबाग

@काळी_पाच: विचारलं नव्हतं. आज विचारतो. (कॅपो लावतो हो मी.)

@आप्पा: आप्पा, मालक व्हायला भांडवल लागतं. ते कीबोर्डवाल्याकडे आहे, मग तोच मालक आणि मी नाईटवाला. एवढं करून मीच सुरू केलेला बँड!

सडेतोड

मुळात मराठी बँड बडोद्यात ऐकतंय कोण? रावपुरा, दांडिया बाजार आणि चार मंडळं. त्यातले निम्मे मोबाईलवर. गुजराती गाणी करा, लग्नं घ्या, प्रश्न मिटला.

सूरसागरची_मैना

सडेतोड यांच्या घरी रात्री बारा वाजता कोणता गरबा वाजतो ते आख्ख्या निझामपुऱ्याला माहीत आहे. हलके घ्या.

बाकी मुद्दा चूक आहे. गणपतीत समोर निम्मे श्रोते गुजराती असतात. अभंगाचे शब्द सगळे कळत नसतील, पण 'विठ्ठल विठ्ठल' आलं की टाळ्या बरोबर समेवर पडतात. गरब्यात आयुष्य गेलेलं पब्लिक आहे हे, ताल यांना शिकवावा लागत नाही.

ढोल_ढमाका

मैनाताईंना अनुमोदन. उलट पुण्यापेक्षा इथलं पब्लिक वाजवणाऱ्याला बरं. पुण्यात मान हलवतात, इथे पाय हलतात.

एक_पुणेकर

निषेध! (मान हलवून.)

भिंतीला_कान

कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण बँड मोडायचं एक मोठं कारण तालमीची जागा असतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. धागाकर्त्यांची तालीम गच्चीवर आहे हे ढोलरावांनी गृहीत धरलंय. ते खरं असेल तर तुमच्या भांडणात शेजारी हा सहावा सदस्य आहेच.

खोलीत करत असाल तर भिंतीला अंड्यांचे ट्रे लावू नका. त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, पण आवाज बाहेर जायचा तो जातोच. आवाज अडवायला वजन लागतं: जाड भिंत, भरीव दार, फटी बुजवलेल्या. दाराखालची बोटभर फट तुमच्या सगळ्या ट्रेंवर पाणी फिरवते. बेस आणि किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) आवाज तर फरशीतून खालच्या मजल्यावर उतरतो. त्यापेक्षा तालमीला ड्रमसेटच नको. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) हेडफोनवर, गिटार आणि कीबोर्ड थेट मिक्सरमध्ये, सगळ्यांच्या कानात हेडफोन. शेजाऱ्यांना फक्त गायिका ऐकू येईल.

आणि कानांची काळजी घ्या. ८५ डेसिबलला आठ तास चालतात असा एक सर्वमान्य हिशेब आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पाव तास. बंद खोलीत ड्रमसेट १०० सहज ओलांडतो.

काळी_पाच

"शेजाऱ्यांना फक्त गायिका ऐकू येईल." म्हणजे तक्रार पुन्हा बाईचीच. 😄

नियमावर_बोट

अवांतर: सडेतोड यांच्या बारा वाजताच्या गरब्याबद्दल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार सणासुदीला १० ते १२ सूट देऊ शकतं, पण वर्षात १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. नवरात्राला ती मिळते. तुमच्या कोजागरीला मिळेलच असं नाही, त्या रात्रीसाठी सूट आहे का हे मंडळाला आधी विचारा. नसेल तर कार्यक्रम दहाला बंद, आणि चंद्र डोक्यावर यायच्या आत दूध प्यायचं.

सूरसागरची_मैना

कोजागरी बंद सभागृहात करा, नियम वेगळा पडेल. चंद्र एलईडीवर दाखवा. 😂

खतावणी

व्यवसायाने सीए, आवडीने श्रोता. आता जरा रुक्ष बोलते.

तुम्ही पाच जण मिळून पैसे घेता आणि वाटून घेता, म्हणजे कागद असो वा नसो, कायदा याला भागीदारी म्हणू शकतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यात वाट्याबद्दल काही ठरलेलं नसेल तर नफा सगळ्यांना सारखा, मग सामान कुणाचंही असो. आणि मुदत ठरलेली नसेल तर कुणीही एक जण लेखी नोटीस देऊन आख्खी भागीदारी मोडू शकतो. म्हणजे 'नियम नकोत, दोस्ती आहे' असं म्हटलं तरी नियम असतातच, फक्त ते तुम्ही केलेले नसतात. साध्या स्टँपपेपरवर करार करा. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर पुढे पैशावरून एकमेकांवर दावा लावणं अवघड जातं.

कीबोर्डवाल्याला दोन वाटे देऊ नका, त्याच्या सामानाला भाडं द्या. दोन वाटे दिले की तो माणूस म्हणून दुप्पट मोठा होतो, आणि भाडं दिलं की फक्त सामान त्याचं राहतं. समजा बिदागी ३०,००० आली. आधी प्रवास, चहापाणी आणि सामानाचं भाडं मिळून ६,००० काढा. उरले २४,०००. त्याचे पाच नाही, सहा भाग करा. प्रत्येकाला ४,००० आणि सहावा भाग बँडचा. त्यातून केबल, दुरुस्ती, रेकॉर्डिंग. पुढे मिक्सर बँडच्या पैशातून आला की भाडं आपोआप बंद. जो सोडून जाईल त्याला सहाव्या भागातलं काय मिळणार, तेही आजच लिहा, कारण नंतर ते शांतपणे लिहिता येत नाही.

जीएसटीची चिंता तूर्त नको. सेवेसाठी वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. तिथवर पोचलात तर पेढे द्या.

ढोल_ढमाका

सहावा भाग ही फार जुनी आणि फार चांगली पद्धत आहे. फक्त तो सहावा भाग ठेवतो कोण, यावर दोन पार्ट्या फुटलेल्या मी बघितल्यात.

खतावणी

म्हणून बँकेत संयुक्त खातं, दोघांच्या सहीचं. आणि त्या दोघांत नवरा-बायको नकोत.

सडेतोड

अरे पण पाच पोरं गाणी वाजवतायत की सहकारी पतपेढी काढतायत?

बेताल_पण_सुरात

सडेतोड पहिल्यांदाच बरोबर बोलले. मी इथे वेगळा सूर लावतो. बँड टिकलाच पाहिजे हा हट्ट कशाला? विद्यापीठातला बँड म्हणजे वयाचा भाग असतो. दोन-चार चांगली गाणी करा, मोडलात तर मोडलात. ड्रमर दुसरीकडे चांगला वाजवेल, तुम्ही दुसऱ्या कुणाबरोबर. टिकवण्याच्या नादात वर्षानुवर्षं तीच आठ गाणी वाजवणारे आणि एकमेकांशी न बोलणारे बँड काही कमी नाहीत.

गिटारवाला_कारेलीबाग

@बेताल: पटतं, आणि नाहीही. आमचं नववं गाणं अर्धं झालंय आणि ते आमच्या पाच जणांशिवाय होणार नाही. त्यात ड्रमरने सात मात्रांत असं काहीतरी धरलंय की दुसरा कुणी तसं वाजवेल असं मला वाटत नाही. एवढंच कारण आहे माझ्याकडे.

बेताल_पण_सुरात

मग ते कारण पुरेसं आहे. माझे शब्द मागे.

आप्पा_दांडिया_बाजार

बडोद्याच्या बँडचीच आणखी एक गोष्ट आठवली. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ. बडोद्यात जन्म, १८८२. १९१० साली भाऊ मेहबूब खाँ आणि नात्यातले भाऊ अली खाँ यांना घेऊन अमेरिकेला गेले. नाव काय घेतलं, तर 'रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्तान'. रूथ सेंट डेनिस नावाची अमेरिकन नर्तकी होती, तिच्याबरोबर दौरे केले. भाषा नवी, श्रोत्यांना राग कशाशी खातात ते माहीत नाही. पुढे इनायत खाँ सूफी उपदेशाकडे वळले आणि वीणा बाजूला ठेवली. भाऊ मात्र युरोपात त्यांच्याजवळच राहिले. घरचीच माणसं होती म्हणून निभावलं. तुमच्यात कुणी कुणाचा भाऊ नाही, तेव्हा कागद कराच. मालकाचा मुद्दा मी सोडलेला नाही.

ग्वाल्हेरी_ग

आमच्या मध्य प्रदेशातला मैहर बँड घ्या. बाबा अलाउद्दीन खाँनी १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना घेऊन उभा केला, बंदुकीच्या नळ्यांचं नलतरंग केलं. बँड आजही वाजतो.

ढोल_ढमाका

सरकारी पगार आहे हो तिथे. पगार असेल तर मीही शंभर वर्षं वाजवीन.

ग्वाल्हेरी_ग

पगाराने हात येतो, कान येत नाही. असो, वाद नको.

मुद्दा_हरवला

दिल्लीचा इंडियन ओशन बँड कुणी काढला नाही अजून? १९९० पासून आहे. असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले, सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. म्हणजे सुरुवातीचा आवाज ज्यांच्यामुळे होता त्यातले दोघे नाहीत, तरी बँड आहे. आप्पांना उत्तर हे: मालक नसूनही टिकतो. बेताल यांना उत्तर: माणसं बदलली तरी तो तोच बँड राहू शकतो. पण म्हणून तुमचा राहीलच असं नाही.

खतावणी

गाण्यांच्या मालकीचा प्रश्न सगळे विसरले. धागाकर्त्याचा तिसरा मुद्दा होता तो.

कायद्याने शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा, चालीचा हक्क चाल लावणाऱ्याचा, आयुष्यभर आणि नंतर ६० वर्षं. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो रेकॉर्डिंग करवून घेणाऱ्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा. बेसवाला म्हणतो 'गाणी बँडची', तर रेकॉर्डिंग सहाव्या भागाच्या पैशातून करा, ते खरंच बँडचं होईल. शब्द आणि चाल ज्याची त्याची राहू दे. पण एखाद्या गाण्यात बेसची ओळ हीच चालीचं अंग असेल तर प्रामाणिकपणे त्याचं नाव संगीतकारात घाला. हे गाणं झालं त्याच रात्री व्हॉट्सॲपवर लिहून टाका, कोण किती टक्के. गाणं गाजल्यावर सगळ्यांनाच आठवतं की चाल आपणच सुचवली होती.

बँडचं नावही कुणाच्या तरी नावावर लागतं. ट्रेडमार्कचा वर्ग ४१ (मनोरंजन वगैरे सेवा), व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी ४,५००, मुदत १० वर्षं. पाचही जणांच्या नावाने करा.

काळी_पाच

ताई, तुम्ही त्या वेळी मांजलपूरला का नव्हता?

वाचनमात्र

धागा वाचनखूण म्हणून साठवला. मुलगा ऑक्टोपॅड मागतोय.

भिंतीला_कान

हेडफोन आधी घ्या.

गिटारवाला_कारेलीबाग

मंडळी, उशीर झाला, माफ करा. बसलो होतो पाचही जण. आधी सेव उसळ खाल्ली, मग बोललो. तो क्रम चांगला ठरला. तिखट खाऊन नाकातून पाणी येत असताना माणूस फार ताठ राहू शकत नाही.

@काळी_पाच, तुमचा अंदाज बरोबर होता. ती म्हणाली, "मी दम घेते तिथे तोच थांबतो, तुम्ही तिघे पुढे निघून जाता." यावर आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि विषय बदलला. पण कळलं.

ठरलं ते असं. नवरात्राच्या नऊ रात्री कुणीही कुठेही वाजवावं, बँड त्या काळात कार्यक्रम घेणार नाही. बाकी वर्षात ज्या तारखेची सुपारी आधी आली ती पक्की, ग्रुपवर टाकायची आणि चोवीस तासांत हो किंवा नाही सांगायचं. गप्प बसलं तर हो धरणार. पितृपक्षात रोज तालीम, कारण तेव्हा कुणालाच काम नसतं (धन्यवाद ढोलराव). सामानाला भाडं. भागांचा हिशेब खतावणीताईंचा, जसाच्या तसा. कीबोर्डवाला आधी फुरंगटला होता. पण भाडं म्हणजे बँड मोडला तरी सामान त्याचंच राहणार, हे लक्षात आल्यावर तयार झाला.

बेसवाल्याचं नाव दोन गाण्यांत संगीतकार म्हणून घातलं. तो म्हणाला तीन. तिसऱ्यावर अजून चालू आहे.

कोजागरी मात्र सुटली नाही. शरद पूनमचा गरबा त्याने शब्द देऊन घेतलाय आणि तो मोडायला आम्हीही सांगितलं नाही. त्या रात्रीपुरता बदली ड्रमर शोधतोय. अभंग वाजवणारा, सात मात्रांना न घाबरणारा. कुणी आहे का?

मुद्दा_हरवला

छान झालं. एकच विचारतो: बँडच्या यूट्यूब आणि इन्स्टाचा पासवर्ड कुणाकडे आहे?

गिटारवाला_कारेलीबाग

…कीबोर्डवाल्याकडे. 😐

खतावणी

करारात कलम वाढवा. आजच.

आप्पा_दांडिया_बाजार

बघा, झाला की नाही मालक!

ढोल_ढमाका

बदलीसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पोरगा वाघोडिया रोडचा आहे, यंदा शरद पूनमला मोकळा आहे, हात चांगला. फक्त जन्मभर हींच वाजवलीय, तेव्हा आधी दोन तालमी घ्या, नाहीतर तुमचा विठ्ठल दोढियुं (गरब्याची पावलं) करायला लागेल. आणि त्याचे पैसे त्याच रात्री द्या, सहाव्या भागाची मीटिंग होईपर्यंत थांबवू नका.

गिटारवाला_कारेलीबाग

व्यनि पाहिला, फोन केला. शनिवारी येतोय. म्हणाला जेवून येतो, पण सेव उसळ खाईन.